बारा महिन्यांचा करार, सात दिवसांची हमी: फ्रीलान्सरने नोटीस पीरियड कसा ठरवून घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक यूआय डिझायनर (अॅप-वेबसाइटच्या स्क्रीन आखणाऱ्या) पाच वर्षं फ्रीलान्सिंग करतात. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीमार्फत त्यांना एका मोठ्या कंपनीचं बारा महिन्यांचं काम आलंय. काम घरूनच, दर दिवसाला ७,००० रुपये, पैसे इनव्हॉइसनंतर ४५ दिवसांनी. करारात लिहिलंय की कन्सल्टन्सी ७ दिवसांच्या नोटिशीने कधीही करार संपवू शकते. डिझायनरने मात्र ६० दिवसांची नोटीस द्यायची, आणि कमी पडतील तेवढ्या दिवसांचे पैसे तिच्या बिलातून कापले जातील. रिक्रूटरचं म्हणणं, "मॅडम, हे स्टँडर्ड आहे, सगळे सही करतात." सोमवारपर्यंत सही हवी आहे. बदल मागावा का? मागितला तर काम हातचं जाईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ती भीती बाजूला झाल्याशिवाय बाकीचं डोक्यात शिरणार नाही. गेली अकरा वर्षं मी स्वतः फ्रीलान्स टेक्निकल रायटिंग करते. पण त्याआधी नऊ वर्षं पुण्यातल्या एका आयटी कंपनीत व्हेंडर मॅनेजमेंटच्या टेबलावर बसले होते, म्हणजे तुमच्यासमोर आलाय तसले करार पाठवणाऱ्यांच्या बाजूला. त्या नऊ वर्षांत नोटीस पीरियडबद्दल बोलणी केली म्हणून कोणाची ऑफर काढून घेतल्याचं मला आठवत नाही. दर मान्य करून मग वाढवून मागितला म्हणून गेलेल्या ऑफर आठवतात. नोटिशीच्या बाबतीत वाईटात वाईट म्हणजे "सॉरी, पॉलिसी आहे" असं उत्तर जायचं, आणि तेही पहिल्या मेलला. दुसऱ्या मेलला बहुतेक वेळा काहीतरी हलायचं. गंमत म्हणजे दुसरा मेल फारसा कोणी करायचंच नाही. आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

आता हे ६० दिवस आले कुठून ते सांगते. आयटी कंपन्यांत पगारी माणसांना ६० किंवा ९० दिवसांचा नोटीस पीरियड असतो. एचआरकडे तो मसुदा तयार असतो. कॉन्ट्रॅक्टरचा करार करायची वेळ आली की तीच फाइल उघडतात, 'एम्प्लॉयी'च्या जागी 'कन्सल्टंट' टाकतात, रजा-पीएफ-ग्रॅच्युइटीची पानं काढतात, आणि नोटिशीचं पान राहू देतात. मीही हे केलेलं आहे, लपवत नाही. तुमच्यावर कोणी खास डाव टाकलेला नसतो, आळस असतो. पण परिणाम तोच: नोकरदाराची बंधनं तुमच्या गळ्यात, आणि त्या बंधनांच्या बदल्यात त्याला जे मिळतं त्यातलं काहीच तुमच्या पदरात नाही. नोकरदार ९० दिवस थांबतो तेव्हा त्याला ९० दिवस पगार मिळतो, काम असो वा नसो.

पहिल्या पानावर 'कालावधी: १२ महिने' अशी ओळ असेल. तिच्यावर भरवसा ठेवून तुम्ही फ्लॅटचा हप्ता किंवा मुलाच्या शाळेची फी ठरवणार असाल, तर थांबा. समोरचा ७ दिवसांत करार मोडू शकत असेल, तर तुमच्या हातात बारा महिन्यांचं काम नाहीच. सात दिवसांचं आहे, आणि ते रोज एकेक दिवस पुढे सरकतंय. हे माझं मत नाही, न्यायालयांचा दृष्टिकोनही साधारण असाच आहे. १९९० साली निकाल लागलेल्या इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या प्रकरणात गॅस वितरकाचा करार कंपनीने मोडला होता. लवादाने वितरकाच्या बाजूने निवाडा दिला आणि एजन्सी परत द्या म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने मोडण्याची पद्धत चुकली हे लवादाचं म्हणणं राहू दिलं, पण करारात कोणत्याही बाजूने ३० दिवसांच्या नोटिशीने तो संपवायची सोय आहे याकडे बोट दाखवलं. एजन्सी परत मिळणार नाही, भरपाई मिळेल ती त्या ३० दिवसांच्या बुडालेल्या कमाईची. म्हणजे उद्या तुम्ही कोर्टात जाऊन जिंकलात तरी तुमच्या भरपाईचं माप हा नोटीस पीरियडच. तुमच्या करारात ते माप ७ दिवसांचं, त्यातले कामाचे दिवस ५, म्हणजे ३५,००० रुपये. वकिलाची फी त्याहून जास्त होईल.

म्हणून नोटीस पीरियड वाचताना "किती दिवस?" एवढंच पाहू नका. करार मोडला तर त्या दिवसापासून माझ्या खात्यात नक्की किती रुपये येणार, हे विचारा. दिवसांवर भांडून रुपये हरलेले लोक मी खूप पाहिलेत, आणि त्यातली एक मी स्वतः.

फ्रीलान्सिंगच्या दुसऱ्या वर्षी मला एका कंपनीने रिटेनरवर, म्हणजे सलग कामासाठी बांधून, घेतलं. मी मोठ्या ऐटीत त्यांची १५ दिवसांची नोटीस ३० वर नेली. व्हेंडरच्या टेबलावरून आले होते ना, अक्कल जास्त होती. आठ महिन्यांनी त्यांनी प्रॉडक्ट बंद केलं आणि मला नियमानुसार ३० दिवसांची नोटीस दिली. महिनाअखेरीस इनव्हॉइस पाठवलं तर उत्तर आलं की करारात 'काम गरजेनुसार दिलं जाईल आणि मंजूर टाइमशीटइतकंच बिल होईल' असं आहे, आणि नोटीस काळात गरज शून्य होती. नोटीस पूर्ण दिली, पैसा एक नाही. वाचून पाहिलं, त्यांचं बरोबर होतं. मी दिवस वाढवले होते, त्या दिवसांना किंमत लावायला विसरले होते.

त्या दिवसापासून मी एक वाक्य प्रत्येक करारात घालते, आणि तुम्हीही पहिलं तेच मागा: "नोटीस काळात क्लायंट किमान मागील तीन महिन्यांच्या सरासरीइतके दिवस काम देईल, किंवा काम दिलं नाही तरी तेवढ्या दिवसांचं बिल मान्य करेल." या वाक्यासह मिळालेले १५ दिवस या वाक्याशिवायच्या ६० दिवसांपेक्षा कधीही भारी.

तुमच्या बाजूच्या ६० दिवसांचं काय? त्याची खरी नांगी कपातीच्या कलमात आहे, आणि ती किती लांब आहे हे मांडून पाहू. समजा महिन्याला कामाचे २१ दिवस, म्हणजे १,४७,००० रुपये. जानेवारीचं इनव्हॉइस ३१ तारखेला गेलं, त्याचे पैसे १७ मार्चला. तुम्ही १५ मार्चला चांगलं काम मिळालं म्हणून बाहेर पडायचं ठरवलंत, तर त्या दिवशी जानेवारीचे पूर्ण, फेब्रुवारीचे पूर्ण आणि मार्चच्या दहा दिवसांचे मिळून ३,६४,००० रुपये त्यांच्याकडे अडकलेले आहेत. घरमालकाकडे डिपॉझिट असावं तसे. आता ६० दिवसांत कामाचे दिवस साधारण ४२. नोटीस न देता निघालात तर ४२ गुणिले ७,००० म्हणजे २,९४,००० रुपये कापायची मुभा त्यांना करारानेच दिलीय. हातात उरले सत्तर हजार. आणि नोटीस द्यायची म्हटली तर नवा क्लायंट दोन महिने थांबणार नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

इथे कोणी वकील मित्र सांगेल की भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो जसाच्या तसा वसूल होत नाही. वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. खरं आहे. २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटलं की नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. पण तुमच्या बाबतीत वसुलीसाठी कोणी कोर्टात जाणारच नाहीये. पैसे आधीच त्यांच्याकडे आहेत. ते कापून मोकळे होतील आणि भांडायला तुम्हाला जावं लागेल, नाशिकहून पुण्याला, कारण कराराच्या शेवटच्या पानावर 'पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात' असं लिहिलेलं असणार.

दुसरीकडे, ६० दिवस तुम्हाला जबरदस्तीने कामाला बसवता येईल का? नाही. ज्या सेवेत माणसाचं स्वतःचं कसब लागतं, असा करार कोर्ट हुकूम काढून पाळायला लावत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ (स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट) मध्ये ते स्पष्ट आहे. कंपनीच्या हातात उरतो तो पैसा आणि पुढच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला दिलेलं उत्तर. म्हणून आपली सगळी बोलणी पैशाच्या कलमाभोवती फिरली पाहिजेत. 'बिलातून कापले जातील' हे वाक्य काढायला सांगा. निघत नसेल तर त्याला झाकण लावा: "कोणत्याही परिस्थितीत कपात १० कामाच्या दिवसांच्या बिलापेक्षा जास्त होणार नाही, आणि नोटिशीपूर्वी पूर्ण झालेल्या कामाचं बिल रोखलं जाणार नाही." माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा हे झाकण मान्य होतं, कारण त्यांच्या बाजूलाही कोणी ६० दिवस खरोखर मोजत बसलेलं नसतं.

करारात 'एक्सक्लुसिव्हिटी' नावाचं कलम आहे का तेही बघा, म्हणजे या कामाच्या काळात दुसऱ्या कोणाचं काम घ्यायचं नाही असं. करार संपल्यानंतर तुम्हाला धंदा करू न देणारी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण करार चालू असेपर्यंतची अशी अट टिकू शकते. १९६७ सालचा निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंचुरी स्पिनिंग हा निकाल त्यासाठी नेहमी दाखवतात. तो कल्याणजवळच्या टायर कॉर्डच्या कारखान्यातला. तिथे नोकरदार होता, तुम्ही नाही आहात, तरी मुद्दा लक्षात घ्या: नोटीस काळ हा करार चालू असलेला काळ आहे. ६० दिवस नोटीस, त्या काळात काम देण्याची हमी नाही, आणि दुसरं काम घ्यायला बंदी. ही तीन कलमं वेगवेगळ्या पानांवर असली की निरुपद्रवी वाटतात. एकत्र वाचली की कळतं, दोन महिने विनावेतन घरी बसायचा करार झालाय. एक्सक्लुसिव्हिटी निघत नसेल तर "नोटीस दिल्याच्या तारखेपासून हे कलम लागू राहणार नाही" एवढी एक ओळ जोडून घ्या.

आता ७ दिवसांकडे वळू. कन्सल्टन्सीला ७ दिवस का हवे असतात? कारण तिचाही मूळ कंपनीशी करार असतो आणि तिथे कंपनी तिला कमी दिवसांत नारळ देऊ शकते. तिथून जे येतं ते पुढे ढकलायचं, याला आमच्याकडे बॅक-टू-बॅक म्हणायचे. पण मी टेबलाच्या त्या बाजूला असताना कन्सल्टन्सीशी होणाऱ्या आमच्या करारात नोटीस बहुधा १५ किंवा ३० दिवसांची असायची. तीच कन्सल्टन्सी आपल्या माणसांना ७ दिवस द्यायची. मधले दिवस कन्सल्टन्सीने स्वतःच्या बचावासाठी राखलेले. म्हणून रिक्रूटरला सरळ विचारा: "मूळ कंपनी तुम्हाला किती दिवसांची नोटीस देते? मला तेवढीच द्या, एक दिवस जास्त नको." हा प्रश्न नाकारायला अवघड जातो. आकडा सांगायचा नसेल तर ते न सांगता तुमचे दिवस वाढवतात. मी हे होताना पाहिलंय, दोनदा तर माझ्याच बाबतीत.

नोटिशीशिवाय तात्काळ करार संपवण्याची जी यादी खाली बारीक अक्षरात असते, ती सगळ्यात शेवटी वाचली जाते आणि सगळ्यात आधी वापरली जाते. चोरी, फसवणूक, गोपनीय माहिती फोडणं यासाठी तात्काळ काढणं समजण्यासारखं आहे, त्यावर वाद घालू नका. पण त्याच यादीत 'क्लायंटच्या मते काम असमाधानकारक असल्यास' असं वाक्य असेल, तर वर झगडून मिळवलेली नोटीस फुकट. कोणाच्या मते, कोणत्या निकषावर, काही नाही. इथे "लेखी कारण आणि सुधारणेसाठी १० दिवस" एवढं मागा. 'मूळ प्रोजेक्ट बंद झाल्यास तात्काळ' हे वाक्य कन्सल्टन्सी सहसा सोडत नाही. ते राहू द्या, पण त्या प्रसंगी किमान ५ ते १० दिवसांचं बिल मान्य करावं, अशी तडजोड होते.

किती दिवस मागायचे? "दोन्हीकडे सारखे" हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो सुरुवातीला म्हणून ठीक आहे. पण सारखेपणाला मी फार भाव देत नाही. तुमच्याकडे कामाची रांग असेल, लोक विचारत असतील, तर दोन्हीकडे १५ दिवस तुमच्याच फायद्याचे. हलकं राहता येतं. हे एकच काम तुमच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा होणार असेल, तर तुम्हाला त्यांच्याकडून जास्त दिवस हवेत आणि तुमच्याकडून कमी. ते थेट मिळणार नाही, म्हणून मी पायऱ्या मागते. पहिला महिना दोन्हीकडे ७ दिवस, कारण अजून कोणीच कोणाला ओळखत नाही. मग सहा महिन्यांपर्यंत १५. त्यानंतर ३०. मॅनेजरला हे पटतं, कारण त्याला पहिल्या महिन्याचीच धास्ती असते. माणूस चालला नाही तर काय? ती धास्ती तुम्हीच मिटवता आणि सातव्या महिन्यात, जेव्हा तुमच्यावाचून त्यांचं अडतं, तेव्हा तुमचे ३० दिवस आपोआप लागू झालेले असतात.

त्यांना तुमच्याकडून लांब नोटीस का हवी असते, याचं खरं उत्तर 'केटी', म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, कामाची माहिती पुढच्याच्या हाती देणं. तुम्ही गेलात तर फिग्मातल्या फाइल कोणाला कळणार, डिझाइन सिस्टम कोण सांभाळणार. ती गरज खरी आहे, तिची थट्टा करू नका. ती दिवसांऐवजी कामात मोजून द्या: जाण्याआधी सगळ्या फाइल नावं-गावं लावून देईन, दोन रेकॉर्डेड सत्रं घेईन, आणि गेल्यानंतर महिनाभर आठवड्याला दोन तास प्रश्नांची उत्तरं देईन, नेहमीच्या दराने. ६० दिवसांच्या जागी १५ दिवस आणि हे, असं मांडलं की प्रोजेक्ट मॅनेजर तुमच्या बाजूचा होतो. तो बाजूचा झाला की लीगलचं काम सोपं होतं.

वेळ मात्र साधावी लागते. दर तोंडी ठरला आहे, त्यांनी तुमचं नाव मूळ कंपनीला कळवलं आहे, पण पीओ (परचेस ऑर्डर, कामाची अधिकृत ऑर्डर) निघालेली नाही, ही खिडकी. या टप्प्यावर दुसरा माणूस शोधायचा म्हणजे मुलाखती नव्याने, आणि रिक्रूटरचा महिन्याचा आकडा चुकतो. पीओ निघाली की साधा स्वल्पविराम बदलायलाही फायनान्सपासून लीगलपर्यंत सगळ्यांच्या मंजुऱ्या परत घ्याव्या लागतात. तेव्हा "नाही" म्हणणं त्यांना सोपं पडतं. सोमवारी सही म्हणजे तुमची पीओ अजून निघालेली नसावी. रिक्रूटरशी फोनवर गोड बोला, पण मागणी मेलवरच करा, आणि "लीगलला डेव्हिएशनसाठी पाठवाल का?" असे शब्द वापरा. डेव्हिएशन म्हणजे ठरलेल्या मसुद्याला अपवाद, हा त्यांचा रोजचा शब्द आहे. तो ऐकला की समोरच्याला कळतं की या बाईंना प्रक्रिया माहीत आहे.

आणि एक आतली गोष्ट. "आमचा मास्टर करार बदलता येत नाही" हे बहुतेकदा खरं असतं. पण त्याला जोडलेलं अॅनेक्शर किंवा वर्क ऑर्डर असते, त्यात दर, तारखा, नाव टाकतात. तिथे 'विशेष अटी' म्हणून दोन ओळी टाकायला लीगल फार कुरकुर करत नाही. फक्त मास्टर करारात 'विसंगती असल्यास मास्टर करार ग्राह्य' असं कलम असतं, ते तुमच्या दोन ओळी गिळून टाकतं. म्हणून तिसरी ओळ हवीच: "नोटीस आणि कपातीबाबत हे अॅनेक्शर ग्राह्य धरलं जाईल."

मेल असा काहीसा करा, तुमच्या इंग्रजीत:

"नमस्कार, दर आणि कामाचं स्वरूप मला मान्य आहे, सोमवारी सही करायची माझी तयारी आहे. नोटिशीच्या कलमात दोन बदल हवेत, ते अॅनेक्शरमध्ये घेतले तरी चालतील. एक, दोन्ही बाजूंनी नोटीस पहिल्या महिन्यात ७ दिवस, सहा महिन्यांपर्यंत १५ आणि पुढे ३०, आणि नोटीस काळात मागील सरासरीइतक्या दिवसांचं बिल. दोन, पूर्ण झालेल्या कामाच्या बिलातून नोटिशीपोटी कपात नको. त्याऐवजी मी सोबतच्या यादीप्रमाणे हँडओव्हर पूर्ण करून देईन. लीगलला डेव्हिएशनसाठी पाठवावं ही विनंती. आज बोलायचं असेल तर मी चारनंतर मोकळी आहे."

"मला वाटतं हे जरा अन्यायकारक आहे" वगैरे लिहू नका. न्याय-अन्याय वाचून लीगलवाला हसतो. सही करायची तयारी पहिल्याच वाक्यात असू द्या. त्यांना फाइल बंद करायची घाई असते आणि तुम्ही किल्ली दाखवताय.

दिवस कसे मोजायचे हेही लिहून घ्या. कॅलेंडरचे की कामाचे? अमेरिकन क्लायंट असेल तर डिसेंबरअखेरीस विनाबिल फर्लो, म्हणजे सक्तीची सुट्टी, असू शकतो. १८ डिसेंबरला १५ दिवसांची नोटीस आली आणि नाताळच्या आदल्या दिवसापासून ऑफिस बंद, तर बिलाचे दिवस जेमतेम चार-पाच. म्हणून "बिल करता येण्याजोगे १५ दिवस" असे शब्द हवेत. नोटीस कुठे द्यायची तेही बघा. माझ्या एका मैत्रिणीने मॅनेजरला टीम्सच्या कॉलवर सांगितलं, तो "ओके, नो प्रॉब्लेम" म्हणाला, आणि कन्सल्टन्सीने नोटीस धरली बारा दिवसांनी गेलेल्या मेलपासून. ठरलेल्या पत्त्यावर मेल गेला तो नोटिशीचा पहिला दिवस, एवढं करारात असलं की पुरे. रजिस्टर्ड पोस्टाची अट अजूनही काही करारांत सापडते, ती काढून टाका.

एक काम सही करण्याआधीच उरकून घ्या: उद्यम नोंदणी. ऑनलाइन होते, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. त्याने एमएसएमई विकास कायदा, २००६ तुमच्या मागे उभा राहतो: करारात काहीही लिहिलं तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज, आणि वाद झाला तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकीत बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे, जाता येतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून, सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे या मुदतीबाहेर थकवले तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की त्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात, हा त्याचा व्यवहारातला उपयोग. नोटिशीशी याचा संबंध असा की करार मोडल्यावर शेवटची दोन बिलं लटकवायची सवय जिथे असते, तिथे इनव्हॉइसवर छापलेला उद्यम क्रमांक तुमच्या दहा रिमाइंडरचं काम करतो.

तुमचं काम दिवसाच्या दराचं आहे म्हणून मी ठोक रकमेच्या प्रोजेक्टमध्ये शिरत नाही. तिथे नोटिशीपेक्षा 'अर्धवट टप्प्याचे पैसे किती' हे महत्त्वाचं. पण डिझायनर म्हणून एक गोष्ट दोन्हीकडे लागू: कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या डिझाइनचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतःच असतो, आणि हक्क सोपवायचे तर लेखी, सहीनिशी. करारात 'निर्मितीच्या क्षणापासून क्लायंटचा हक्क' असं असेल तर 'त्या कामाचे पैसे मिळाल्यापासून' असं करून घ्या. नोटीस काळातल्या बिलासाठी याच्याइतकं चांगलं तारण दुसरं नाही.

हल्ली महाराष्ट्रात करारासाठी शंभरचा स्टँप चालत नाही, पाचशेचा लागतो, म्हणून लोक त्या कागदाकडे जरा जास्तच आदराने बघायला लागलेत. तो आदर बाजूला ठेवा, करार अजून मसुदा आहे.

सगळं मिळालं नाही तर काय सोडायचं? तुमच्या जागी मी असते तर पायऱ्या सोडल्या असत्या, एक्सक्लुसिव्हिटी बघून घेतली असती, ७ दिवसांचे १५ झाले असते तर त्यावर समाधान मानलं असतं. कपातीच्या कलमातला बदल मात्र सोडला नसता. झालेल्या कामाचे पैसे अडकवून ठेवायचा हक्क आणि ६० दिवसांची नोटीस, ही दोन्ही एकाच करारात राहणार असतील तर मी सही करत नाही. गेल्या अकरा वर्षांत अशी दोन कामं सोडली आहेत. त्यातल्या एका कन्सल्टन्सीने तीन आठवड्यांनी तेच काम १५ दिवसांच्या नोटिशीवर परत पाठवलं, दुसरीने नाही पाठवलं. तुमच्या हातात शुक्रवार आहे. मेल दुपारी चारच्या आत जाऊ द्या, लीगलची माणसं शनिवारी फोन उचलत नाहीत.